खारूचा वरचा जबडा

मी कवळ्या बनवतो. छत्तीस वर्षं झाली. दातांचे डॉक्टर तोंडाचं माप पाठवतात, मी त्यात प्लास्टर ओततो, मेणात दात लावून पाहतो आणि शेवटी तयार कवळी डबीत घालून परत पाठवतो. घराच्या पुढच्या खोलीतच माझं काम चालतं. खिडकीखाली लांब टेबल, त्यावर घासायची लहान मोटर, स्पिरिटचा दिवा, मेणाच्या सुऱ्या आणि सगळीकडे पांढरी धूळ. निम्मं काम ही, माझी बायको, करायची. दात लावण्यात तिचा हात माझ्यापेक्षा चांगला होता. माझा हात घासण्यात. कवळी हिरडीवर अशी बसली पाहिजे की माणसाला ती तोंडात आहे हे आठवूही नये, एवढंच मला कळतं आणि तेवढंच मी करत आलो.

ही गेल्यावर दोन महिन्यांनी माझी लेक नातीला घेऊन माझ्याकडे राहायला आली. लेक शहरात बस चालवते. जावई जहाजावर असतो, वर्षातून दोनदा घरी येतो. लेक मला सोबत म्हणून आली की मी तिच्या मुलीला सांभाळावं म्हणून आली, हे आम्ही कधी बोललो नाही. दोघांचंही भागलं. नात आठ वर्षांची. तिला घरात सगळे खारू म्हणतात. पुढचे दोन दात चांगले मोठे आले आणि शेजारच्यांना जागाच उरली नाही, म्हणून तिच्या आजीने ते नाव ठेवलं होतं.

जागा का उरली नाही ते पुढे दवाखान्यात कळलं. दवाखाना चष्म्याच्या दुकानाच्या वर, दुसऱ्या मजल्यावर. डॉक्टरीणबाई माझ्या लेकीपेक्षाही लहान. त्यांनी पेनासारखा एक कॅमेरा खारूच्या तोंडात फिरवला आणि समोरच्या पडद्यावर अख्खा जबडा उभा राहिला. ना पेस्ट, ना प्लास्टर. मी बघतच राहिलो. बाईंनी तो पडद्यावरचा जबडा बोटाने इकडून तिकडे फिरवला आणि समजावून सांगितलं. वरचा जबडा खालच्यापेक्षा जरा रुंद असतो, डबीवर झाकण बसावं तसा. खारूचं झाकण डबीपेक्षा लहान होतं. वरचा जबडा अरुंद, त्यामुळे दाढा चुकीच्या बाजूने एकमेकींवर येत होत्या, आणि डावीकडचा एक दात हिरडीतच अडकून बसला होता. वय लहान आहे, हाडं अजून ऐकतात, तेव्हा आत्ताच रुंद करून घेऊ, असं त्या म्हणाल्या.

त्याचे दोन मार्ग होते. एक जुना. टाळूला लोखंडी स्क्रू चिकटवायचा आणि घरच्यांनी रोज चावीने तो थोडा थोडा फिरवायचा. दुसरा पारदर्शक साच्यांचा. बाई त्याला अलायनर म्हणत होत्या. दर आठवड्याला नवा साचा, प्रत्येक आधीच्यापेक्षा किंचित रुंद. खाताना आणि दात घासताना काढायचा, एरवी तोंडातच.

स्क्रूचं नाव काढताच खारूने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. तिला टाळूला काही लागलं की उलटी होते. शाळेतल्या तपासणीत एकदा नुसती लाकडी पट्टी आत घातली तर तिने तपासणाऱ्याचा कोट खराब केला होता. बाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग लेकीकडे. म्हणाल्या, साचे देऊन पाहते. आठ आठवडे. नीट घातले तर फरक पडेलच. पण नाही पडला तर मग स्क्रू. पोरीचं वय वाया घालवणार नाही.

खिशात घालता येईल अशा डबीसकट साचे घरी आले आणि त्या दिवसापासून आमच्या घरात एकच विषय झाला. स्क्रू लागता कामा नये. खारू जेवण झालं की पळत जाऊन चूळ भरायची आणि साचा घालायची. शाळेत डबा खाल्ल्यावरही घालायची. तिने भिंतीवरच्या कॅलेंडरवर आठ रविवारांभोवती गोल काढले होते. रविवारी साचा बदलायचा. लेकीची रविवारी सकाळची पाळी असायची, म्हणून ते काम माझ्याकडे आलं.

पहिला साचा सहज बसला. दुसरा बसेना. बसला, पण खारू खुर्चीत तोंड अर्धवट उघडं ठेवून बसून राहिली. डोळ्यांत पाणी. रडत नव्हती, पण म्हणाली, "बोचतंय, आजोबा."

आता हा शब्द दुसऱ्या कुणाजवळ काढला असता तर गोष्ट वेगळी. माझ्या धंद्यात ही तक्रार असते. परत आलेल्या डबीवर चिठ्ठी असते, 'बोचते', आणि मग मला दुसरं काही सुचत नाही. मी खारूला टेबलाजवळ नेलं आणि नेहमीसारखं केलं. साच्याच्या आतून पांढरी पेस्ट लावली, तिच्या दातांवर बसवला, काढला. जिथे दाब पडतो तिथली पेस्ट पुसली जाते. दोन्ही बाजूंना, दाढांच्या जिभेकडच्या अंगाला, पेस्ट साफ पुसलेली. म्हणजे तिथे रुततंय. कवळी असती तर तेवढं घासून काढलं असतं. पण हे प्लॅस्टिक पातळ, घासायला त्यात काही नव्हतंच. मग मी मेणाची सुरी दिव्यावर कोमट केली आणि आतून अगदी अलगद दाबून त्या दोन जागा सैल केल्या. कडा थोडी गुळगुळीत केली. धुऊन पुन्हा घातला.

खारूने जीभ फिरवली. "बसला," ती म्हणाली आणि खेळायला पळाली.

लेकीला मी हे सांगितलं नाही. लपवलं असंही नाही. मुलाच्या बुटाची लेस सैल करून दिली तर कुणी ते आईला कळवायला जात नाही.

पुढचे सगळे रविवार आमचे असेच गेले. खारू खिडकीजवळच्या स्टुलावर बसायची. ते हिचं स्टूल. कित्येक महिने त्यावर कुणी बसलं नव्हतं, मी त्यावर जुनी मापं ठेवायला लागलो होतो, ती खारूने स्वतःच उचलून खाली ठेवली. पेस्ट लावायचं काम तिने मागून घेतलं. दिवा तिला लावू देत नसे, विझवू द्यायचो. त्या अर्ध्या तासात मी काम करताना गुणगुणतोय हे माझ्या एकदा लक्षात आलं आणि मी थांबलो. मग पुन्हा सुरू केलं.

एक गोष्ट मात्र मला खटकत होती. साचे पुढे पुढे जास्तच चुकत चालले होते. तिसरा थोडा बाहेर होता, पाचवा बराच, आणि सहाव्याला तर मला दोनदा गरम करावं लागलं. मी खारूला म्हटलं, सुरुवातीला चांगलं काम करतात आणि मग हात सैल सोडतात, आजकालचे कारागीर असेच. तीही मोठ्या माणसासारखी मान हलवून हो म्हणाली. वर्गात आणखी एका मुलीला असेच साचे होते. नवा घातला की ती दोन दिवस रडायची. आमची खारू कधीच रडली नाही, त्याबद्दल शाळेतल्या बाईंनी वर्गासमोर तिचं कौतुकही केलं. सातवा साचा मी इतका वाकवला की त्याचा मूळ आकार कारखान्यातल्या माणसाला ओळखू आला नसता. पण पोरीच्या तोंडात तो असा बसला, की काय सांगू.

आठ आठवड्यांनी आम्ही तिघं दवाखान्यात गेलो. लेकीने पाळी बदलून घेतली होती. खारूने नवा फ्रॉक घातला होता, कारण आज स्क्रूचा विषय कायमचा संपणार होता.

बाईंनी कॅमेरा फिरवला. पडद्यावर जबडा आला. त्यांनी त्यावर दुसरा निळा जबडा ठेवला. तो ठरवलेला. निळा कडेने बाहेर दिसत होता आणि खारूचा त्याच्या आत. बाईंनी मोजलं, पुन्हा मोजलं. दीड मिलिमीटर तरी रुंद व्हायला हवा होता. पाव मिलिमीटरही झाला नव्हता.

त्यांनी खारूला विचारलं, दिवसातून किती वेळ साचा घालायचीस. खारू म्हणाली, जेवताना सोडून सगळा वेळ. बाई गोड बोलूनच म्हणाल्या की पुष्कळ मुलं शाळेत साचा खिशात ठेवतात, त्यात काही मोठं नाही, फक्त खरं सांगितलं की पुढचं ठरवता येतं.

"मी काढत नाही," खारू म्हणाली.

लेक म्हणाली, "खारू, खरं सांग."

"नाही काढत."

"मग हे असं कसं झालं?"

ओठ घट्ट मिटून खारू पडद्याकडे बघत राहिली. बाईंनी लेकीला हळू आवाजात स्क्रूबद्दल सांगायला सुरुवात केली. पुढच्या आठवड्यातली एक सकाळ सुचवली. लेक मान हलवत होती. मी दाराजवळच्या खुर्चीत मांडीवर पिशवी घेऊन बसलो होतो. पिशवीत ते साचे होते. बाईंनी सगळे परत आणायला सांगितले होते, म्हणून. त्यांनी हात पुढे केला. मी डबी दिली. त्यांनी सातवा साचा उचलून खिडकीच्या उजेडात धरला आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. पडद्यावरचा निळा जबडा, साच्यांचे क्रमांक, दर आठवड्याला किंचित रुंद. प्रत्येक साचा बरोबरच होता. चुकत चाललं होतं ते खारूचं तोंड, कारण ते मी जागचं हलूच दिलं नव्हतं.

लिहायला बसलोय तर खरं लिहितो. मी लगेच बोललो नाही. एक विचार असाही आला की साचा कंपनीकडूनच वाकडा आला असेल असं बाईंना वाटू शकतं. तेवढ्यात खारूने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. तिच्या नजरेत माझ्याकडे काही मागणं नव्हतं. ती फक्त बघत होती, आणखी कुणाला तिचं खोटं वाटतंय का.

"ती खरं बोलते आहे," मी म्हणालो. "मी सैल केले. सगळे."

मग मी पेस्टपासून सुरीपर्यंत सगळं सांगितलं. लेक माझ्याकडे बघत राहिली. बाईंनी साच्याच्या आतून बोट फिरवलं, एकदा, दोनदा.

"हे हाताने केलंत?"

"हो."

"काय करता तुम्ही?"

"कवळ्या."

बाई हसल्या. मग पटकन गंभीर झाल्या, पण हसल्या हे मी पाहिलं. "काका, कवळी तोंडाला बसली पाहिजे. हा साचा तोंडाला बसायलाच नको. तोंडाने त्याच्यापर्यंत जायचं असतं. बोचतंय म्हणजे काम चाललंय."

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार.

त्यांनी साचा परत डबीत ठेवला. मग म्हणाल्या, पोरीने तिचं काम चोख केलंय, तर शिक्षा तिला नको. नव्या मापाने नवे साचे मागवते. दहा आठवडे. पण यावेळी नाही झालं तर मला थांबता येणार नाही, तो अडकलेला दात थांबणार नाही. आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, तुमचा दिवा दूर ठेवा.

खाली रस्त्यावर आल्यावर लेक फुटपाथवरच उकिडवी बसली आणि खारूला म्हणाली, माझं चुकलं, मी तुझ्यावर विश्वास ठेवायला हवा होता. खारू म्हणाली, चालेल. पण तिचं तोंड उतरलेलंच होतं. मला वाटलं, माझ्यावर रागावली असेल. राग होता, पण तो निराळाच निघाला.

"म्हणजे मला दुखलंच नव्हतं," ती म्हणाली. "मी वर्गात सगळ्यांना सांगितलं की मी रडत नाही म्हणून."

ती पुढे चालायला लागली. बस थांब्यावर लेक म्हणाली, "आई असती तर दुसऱ्याच रविवारी तुमच्या हातातून ते काढून घेतलं असतं."

"काढून घेतलं असतंच," मी म्हणालो. "वर मला चार शब्द ऐकवले असते."

"चार?"

"चाळीस."

लेक हसली. ही गेल्यापासून आम्ही तिच्याबद्दल बोलायचो ते जपून, आवाज खाली करून. असं उभ्या उभ्या, सहज, पहिल्यांदाच बोललो. बस आली. चालवणारा लेकीच्या ओळखीचा निघाला. त्याने तिला विचारलं, आज मागे बसणार का, आणि ती म्हणाली, आज मी प्रवासी आहे.

नवे साचे आले. पहिला रविवार कसाबसा पार पडला. दुसरा साचा घातला आणि खारू पुन्हा त्याच खुर्चीत, तोंड अर्धवट उघडं ठेवून बसली. मी दुसऱ्या कुणाचं काम काढलं होतं, त्यात डोकं घालून बसलो. थोड्या वेळाने ती टेबलाशी येऊन उभी राहिली.

"आजोबा, थोडंसंच. एकाच बाजूला. आईला नाही सांगणार."

"नाही."

"एवढुस्सं."

मी दिवा विझवला. हात धुतले. हाताला काही काम नसलं की ते मोटरकडेच जातात, म्हणून मी ते सरळ मांडीखाली घेऊन बसलो. खारूला त्याचं हसू आलं, आणि हसल्यावर आणखी दुखलं. बाईंनी साच्याबरोबर चावायला रबराच्या दोन लहान वळकट्या दिल्या होत्या, चावलं की साचा वर सरकून बसतो आणि दुखणं कमी होतं. आधीच्या वेळी त्या कधी लागल्याच नव्हत्या. मी एक तिला दिली, एक स्वतः घेतली. आम्ही दोघं पायरीवर बसून चावत राहिलो. समोरून जाणाऱ्या एका बाईंनी खारूला विचारलं, काय खाताय ग. खारू म्हणाली, रबर. बाई पुढे गेल्या आणि मागे वळून माझ्याकडे बघून गेल्या.

त्या दिवशी खारू रडलीही. दुपारी, पलंगावर, उशीत तोंड घालून. मी शेजारी बसून राहिलो. मला जे येतं ते करायचं नाही आणि दुसरं काही येत नाही, अशी अवस्था होती. मी तिच्या पाठीवर हात ठेवला, तिने तो काढला नाही. तिसऱ्या दिवशी ती सकाळी उठून म्हणाली, आता नाही दुखत. शाळेत जाऊन तिने त्या दुसऱ्या मुलीला सांगितलं की मी पण रडले. तेव्हापासून दोघी सोमवारी डब्याच्या सुट्टीत एकत्र बसतात, असं लेकीकडून कळलं.

दर रविवारी हेच. दोन दिवस वाईट, मग पाच बरे. मधल्या दिवसांत मी कवळ्या करायचो आणि त्या कुणाला बोचल्या नाहीत. सातव्या आठवड्यात खारू साचा आपला आपण आरशात बघून घालायला लागली. मला म्हणाली, तुम्ही नका बघू, तुमचा चेहरा बघून जास्त दुखतं.

दहा आठवड्यांनी पुन्हा चष्म्याच्या दुकानावरचा जिना. कॅमेरा फिरला, पडद्यावर जबडा आला, त्यावर निळा ठेवला. मी उठून पुढे गेलो, कारण दाराजवळून नीट दिसेना. निळा कुठे दिसतच नव्हता. दाढांच्या मागे एका जागी बारीक रेघ, बस. बाईंनी आकडा सांगितला, दोन मिलिमीटरला थोडा कमी. खारूने आकड्याकडे लक्षच दिलं नाही. तिने विचारलं, "स्क्रू?"

"नाही लागणार," बाई म्हणाल्या. "अजून बरेच साचे लागतील. पण स्क्रू नाही."

खारू खुर्चीतून उतरली आणि तिने दवाखान्यातल्या दवाखान्यात एक उडी मारली. बाई मला म्हणाल्या, काका, अभिनंदन, तुम्ही काहीच केलं नाहीत. मी म्हणालो, त्यालाच फार मेहनत पडली.

हे सगळं झालं त्याला तीन आठवडे झाले. काल सकाळी खारू दात घासता घासता ब्रश तोंडात ठेवूनच माझ्याकडे आली आणि टेबलावरचा दिवा लावा म्हणाली. विजेचा, मापं बघायचा. तिने ओठ वर केला. डावीकडे, मोठ्या दाताच्या शेजारी, हिरडीत पांढरं काहीतरी दिसत होतं. तांदळाच्या कणीएवढं. मी बोट लावून पाहिलं. धार होती.

दात मी हजारोंनी बसवले असतील, पण असा आपोआप येताना कधी पाहिला नव्हता. लेकीला दात आले तेव्हा मी याच टेबलाशी कामात असायचो. ही आतून हाक मारायची, मी येतो येतो म्हणायचो, आणि जाईपर्यंत दात आलेला असायचा. ते सगळे एकटीने तिनेच पाहिले.

लेक गणवेश घालून बुटाच्या लेस बांधत होती. उशीर झालाय म्हणाली. मी म्हटलं, होऊ दे, इकडे ये आधी. ती एका बुटावरच आली. आम्ही दोघांनी खारूच्या तोंडात डोकं घातलं. खारू म्हणाली, श्वास सोडू नका, गुदगुल्या होतात. लेकीने बघितलं, मग दिवा आणखी जवळ ओढून पुन्हा बघितलं, आणि तिथेच उभी राहिली.

काल तिची बस सहा मिनिटं उशिरा सुटली.